बाबांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले. घरचा व्यायाम, की साडेचार लाखांचं पॅकेज?

कृष्णाकाठची
नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबांना (वय ६७, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त) पाच महिन्यांपूर्वी पहाटे पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. आम्ही इस्लामपूरजवळ राहतो. शेजाऱ्यांनी "अंगावरून वारं गेलंय, चोळणाऱ्याकडं न्या" असं सांगितलं आणि आम्ही नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सात तास गेले. ते सात तास माझ्या डोक्यातून जात नाहीत, पण आज त्याबद्दल विचारायचं नाहीये.

आत्ताची स्थिती अशी: चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. उजवा पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात, चवडा फरशीला घासतो. हात कोपरात मुडपलेला, मूठ आवळलेली. आपण बोललेलं बहुतेक सगळं कळतं, पण तोंडातून "आता… आता…" एवढंच येतं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा अर्धा तास येतात. हात दहा वेळा वर-खाली, पाय दहा वेळा, अंगणात एक फेरी, झालं. उरलेला दिवस बाबा कॉटवर, नाहीतर टीव्हीसमोर. जेवण आई भरवते.

काका म्हणतात, सहा महिन्यांत जे परत येईल तेवढंच आपलं. म्हणजे आमच्या हातात एक महिना उरला. त्यात एका मोठ्या शहरातल्या केंद्रानं रोबोच्या साहाय्यानं चालवणं आणि स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं असं साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलंय. आई पाटल्या मोडायला निघाली आहे.

सहा महिन्यांचं खरं आहे का? घरी व्यायाम करायचा तर कोणता आणि किती? ते पैसे घालावेत का? ज्यांनी घरात हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा.

रानवारा
ताई, आमच्या आत्याचा हात दीड वर्षानं कपबशी धरायला लागला. काकांना सांगा, कॅलेंडर भिंतीवर असतं, मेंदूत नसतं. बाकी जाणकार लिहितीलच. पाटल्या सध्या कपाटातच राहू द्या.

फिजिओ_तेजू
कृष्णाकाठची, मी चौदा वर्षं मेंदूच्या रुग्णांसोबत काम करतेय. बाबांना न तपासता लिहितेय, त्यामुळे यातलं काहीही सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब आटोक्यात आहे ना, हृदयाचा काही त्रास आहे का, एवढं तरी आधी कळायला हवं.

सहा महिन्यांचा समज कुठून आला ते सांगते. झटक्यानंतर पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते, कारण मेंदूची सूज उतरते आणि गुठळीच्या आजूबाजूचा बधिर झालेला भाग पुन्हा कामाला लागतो. पुढे हा वेग मंदावतो. घरच्यांना आणि कधीकधी आम्हालाही ते थांबल्यासारखं वाटतं आणि मग सगळेच हात सैल सोडतात.

अमेरिकेत ४०८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, लीप्स नावाची. निष्कर्ष २०११ साली आले. एका गटाला झटक्यानंतर दोन महिन्यांनी आणि दुसऱ्याला सहा महिन्यांनी, अंगाला पट्टे बांधून वजन थोडं उचलून धरत ट्रेडमिलवर चालवलं. तिसऱ्या गटाकडे फिजिओथेरपिस्ट घरी जायचे आणि ताकदीचे नि तोलाचे साधे व्यायाम करून घ्यायचे. दीड-दीड तासाची ३६ सत्रं. वर्षाअखेर एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या टप्प्यावर गेलं होतं, आणि तिन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं यातच आहेत. सहा महिन्यांनी सुरुवात केलेलेही सुधारले, आणि महागड्या यंत्रानं घरच्या व्यायामावर मात केली नाही. (ते यंत्र म्हणजे रोबो नव्हे, हेही सांगायला हवं.)

आता दहा वेळांचं. २००९ साली संशोधकांनी फिजिओथेरपीच्या सत्रात बसून प्रत्यक्ष मोजलं, तर हातानं केलेल्या कामाच्या आवर्तनांची सरासरी ३२ भरली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला शेकड्यांनी आवर्तनं लागतात. म्हणजे आम्ही व्यावसायिक मंडळीच कमी पडतो, हे मला मान्य आहे. अर्ध्या तासात भागत नाही. उरलेला दिवस महत्त्वाचा.

बाबांसाठी मला सुचतं ते खुर्चीवरून उठणं-बसणं. हातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक नीची वाटली तर खाली सतरंजीची घडी घाला. उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे ठेवायचं, म्हणजे उठताना भार अधू पायावर येतो, नाहीतर सगळं काम डावाच पाय करून टाकतो. सुरुवातीला आठ-आठच्या चार-पाच फेऱ्या, दिवसभरात विभागून. पुढे वाढवत शंभरापर्यंत जा. कोणीतरी उजव्या बाजूला उभं हवंच.

आणि एक कळकळीची विनंती. उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने ठणका. दाराला कप्पी अडकवून दोरीनं हात ओढायचा व्यायाम कुणी सांगितला असेल तर तोही बंद करा, त्यानं खांदा दुखावण्याचा धोका वाढतो.

मिरजेचे_अण्णा
तेजूताईंच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण आमच्या मातोश्रींना तेलाच्या मालिशनं आणि शेकानं फार गुण आला. तीन महिने रोज सकाळी एक माणूस येऊन तासभर चोळत असे. इथं कुणी त्याचं नावच काढत नाही म्हणून लिहिलं.

फिजिओ_तेजू
अण्णा, मालिशनं बरं वाटतं, कातडी चांगली राहते, आखडलेपण थोडा वेळ सैलावतं. ते मी नाकारत नाही. पण त्या तासभरात घाम मालिश करणाऱ्याला येतो. मेंदूला हात हलवायचा हुकूम द्यायची सवय पुन्हा लावायची, तर तो हुकूम रुग्णानंच द्यायला हवा. मातोश्री मालिशनंतर काय करायच्या?

मिरजेचे_अण्णा
स्वयंपाकघरात बसून लसूण सोलायची. ऐकायचीच नाही. दोन पाकळ्या सोलायला अर्धा तास लागायचा, पण कुणी मदतीला गेलं की रागवायची.

फिजिओ_तेजू
अण्णा, हे आधी सांगायला हवं होतंत! गुण लसणाचा आहे.

निंबोणी
लसणावरून आठवलं. कृष्णाकाठची, तुमच्या आई सगळं हातात देत असणार. मीही तेच केलं. यांना झटका आल्यावर वर्षभर मी पाणी तोंडाशी धरलं, शर्टाची बटणं लावली, चप्पल पायात सरकवली. आपल्या मनाला वाटतं की ही सेवा आहे. एक दिवस मला ताप आला आणि यांनी स्वतः उठून, भिंत धरून, माठातून पाणी आणलं. अर्धं सांडलं. मी रडले, कारण वर्षभर मीच त्यांना बसवून ठेवलं होतं.

आईंना दोष देऊ नका. फक्त एक काम त्यांच्याकडून बाबांकडे सरकवा. आठवड्याला एकच.

आणि आईंच्या पाठीकडे बघा. माझी कंबर दुसऱ्या महिन्यात गेली. बगलेत हात घालून उचलू नका. कमरेला धरायचा रुंद पट्टा मिळतो, हातात पकडायला त्याला कड्या असतात. तो मिळेपर्यंत मी उपरण्याची दुहेरी घडी कमरेला बांधून वापरली.

वारणाकाठचा_गडी
ताई, तुम्ही इस्लामपूरच्या म्हणजे मुरलीकांत पेटकरांच्या गावच्याच की! पेठ तुमच्यापासनं किती लांब हाय? बाबास्नी त्यांची गोष्ट ठाऊक असणारच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली, कमरेखालचं गेलं. गडी आधी सैन्यात बॉक्सर. मुंबईत नौदलाच्या दवाखान्यात उपचार म्हणून पोहायला घातलं आन १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक. वेळ ३७.३३ सेकंद. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली थेट २०१८ साली. आपल्या मातीतला माणूस, लई अभिमान वाटतो बघा.

चाकावरचा
पेटकरांचं नाव आलं म्हणून लिहितो. एरवी अशा धाग्यांवर गप्प बसतो, कारण पक्षाघात आणि मज्जारज्जूची इजा लोक एकाच टोपलीत घालतात.

मी सिंधुदुर्गातला. २०११ च्या मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडलो. पाठीचा दहावा मणका, इजा पूर्ण. बेंबीच्या खाली ना संवेदना ना हालचाल. पक्षाघातात मेंदूचा एक भाग जातो आणि उरलेला मेंदू त्याचं काम थोडंफार शिकून घेतो. माझ्यात मेंदू शाबूत आहे, पण खाली जाणारी वाटच तुटली. वाट पूर्ण तुटली असेल तर पाय कितीही वेळा हलवले तरी हुकूम पोचत नाही. अर्धवट इजेत मात्र पोचू शकतो, त्यांचं गणित वेगळं.

हे मला दोन वर्षं कुणी स्पष्ट सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "उमेद सोडू नकोस, चालशील." पायाला लोखंडी कॅलिपर लावून दोन वर्षं मी अंगणात उभा राहत होतो, दमून कोसळत होतो. त्या काळात खुर्ची नीट चालवायला शिकलो नाही, खुर्चीतून पलंगावर एकट्यानं जायला शिकलो नाही, लघवीची नळी स्वतः घालायला शिकलो नाही. माकडहाडाला जखम झाली, ती भरायला सात महिने. उमेदीच्या नावाखाली दोन वर्षं गेली.

मग खडकीला सैनिकांचं पॅराप्लेजिक (कमरेखालचं अंग लुळं पडलेल्यांसाठीचं) पुनर्वसन केंद्र बघायला एका मित्रानं नेलं. १९७४ पासून आहे ते. तिथले जवान खुर्चीवर बास्केटबॉल खेळत होते, एकमेकांना शिव्या घालत हसत होते. त्या दिवशी घरी येऊन कॅलिपर माळ्यावर टाकले आणि दंड कमवायला लागलो. आज मी हातांवर शरीर उचलून गाडीत बसतो, हातानं चालवायची तीनचाकी चालवतो, आंब्याचा हिशोब आणि पॅकिंग माझ्याकडे आहे.

माझा व्यायाम म्हणजे खांदे, दंड, छाती. आणि खुर्चीत बसल्या बसल्या दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलणं. कंटाळा आला तरी, लग्नाच्या पंगतीत असलो तरी. कारण खाली दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि जखम तिथूनच सुरू होते. झोपताना सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलायची असते. ही शिस्त लावली डॉ. लुडविग गुटमन यांनी. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर. १ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी स्टोक मँडेव्हिल इथं मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. तोवर असे जखमी सैनिक जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गानं मरतात, हेच गृहीत धरलेलं होतं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकची मुळं तिथं आहेत. पेटकर पोहले ते त्याच वाटेवर.

कृष्णाकाठची, तुमच्या बाबांची वाट तुटलेली नाही. त्यांनी जरूर चालावं. पण चालणं हे एकच ध्येय ठेवू नका.

शेवंती_नाशिक
चाकावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तिसरी टोपली माझ्या घरात आहे. मुलगा, तेव्हा २३ वर्षांचा, २०१९ मध्ये मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. डोक्याला मार, १९ दिवस बेशुद्ध. हात-पाय आता धडधाकट आहेत, त्यामुळे येणारा-जाणारा म्हणतो, "वाचला ना, बरा झाला की." पण तो आधीचा मुलगा नाही. कपाळामागचा भाग दुखावला, तिथं संयम असतो, ठरवणं असतं, सुरुवात करणं असतं. सांगितलं नाही तर तो दिवसभर अंघोळही करत नाही, आणि मध्येच एखाद्या शब्दावरून ताट भिरकावतो. हे आळस नाही आणि माज नाही, हे मला समजायला वर्ष लागलं. नातेवाइकांना अजून समजलेलं नाही.

आम्हाला बंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) घरी करायची कामं दिली. मिसळलेलं धान्य निवडायचं, छापील कागदावरचं ठरावीक अक्षर शोधून खोडायचं, रोज ठरलेल्या वेळी, हळूहळू वेळ कमी करत. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. सुरुवातीला तो चार मिनिटांत उठून जायचा, आता तीस मिनिटं बसतो. भिंतीवर दिवसाचा तक्ता लावलाय. सूचना एका वेळी एकच द्यायची. आणि पहाटे गोदाकाठी जोरात पाऊण तास चालणं. ज्या दिवशी पावसामुळे चालणं चुकतं त्या दिवशी झोप आणि राग दोन्ही बिघडतात, हे मी वहीत लिहून पडताळलंय.

हेल्मेट घाला रे बाळांनो. दुकानापर्यंत जातानाही.

मनू_मेलबर्न
घाईबद्दल एक मुद्दा. माझ्या सासूबाईंवर इथं उपचार झाले तेव्हा मी बरंच वाचलं होतं. मेलबर्नच्या संशोधकांच्या पुढाकारानं २,१०४ रुग्णांवर चाचणी झाली, अव्हर्ट. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार, भरपूर वेळ उठवून हालचाल करायला लावलं तर फायदा होईल, ही अपेक्षा होती. २०१५ मध्ये निकाल उलटा आला. तीन महिन्यांनी त्या गटाची स्थिती थोडी वाईटच होती. तेव्हा पहिल्याच दिवशी कुणी नातेवाइकानं स्वतःच्या मनानं हात-पाय पिरगळायला जाऊ नये.

दुसरी चाचणी तर भारतातलीच. अटेंड, २०१७. देशभरातली १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. नातेवाइकांना रुग्णालयात व्यायाम शिकवायचे आणि पुढे त्यांनीच घरी करून घ्यायचे. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक पडला नाही. मग घरच्या घरी करण्यावर एवढा भर द्यावा का? मला निराश करायचं नाहीये, पण हे समोर असायला हवं.

निंबोणी
म्हणजे आमची मेहनत पाण्यात?

फिजिओ_तेजू
मनू, बरं झालं हे मांडलंत. अटेंडचा निकाल आला तेव्हा आमच्या क्षेत्रात अनेकांना धक्का बसला, मलाही. पण लीप्समध्येही व्यायाम घरीच झाला होता आणि लोक सुधारले. फरक असा की तिथं शिकलेला माणूस वारंवार घरी येत होता, व्यायाम अवघड करत नेत होता. घरच्यांवर सगळं सोपवून आपण मोकळं व्हायचं, हे चालत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. निंबोणीताईंनी एकट्यानं सगळं ओढावं ही अपेक्षाच चूक. तुमचे फिजिओथेरपिस्ट आले की त्यांनी तुमच्याऐवजी व्यायाम करून घेण्यापेक्षा पुढच्या दोन दिवसांचं काम ठरवून द्यावं, मागचं तपासावं, एक पायरी चढवावी. त्यांना तसं सांगा. बहुतेकांना आवडेल.

स्टेम सेलबद्दल राहिलं होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीत करायचा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे साडेचार लाख मागतायत, यावरूनच ठरवा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. लसणावर ती हसली आणि निंबोणीताईंच्या माठावर रडली. पाटल्या कपाटात गेल्या.

तेजूताई, सकाळी बाबांची मूठ जरा सैल असते, अंगठा आणि दोन बोटं थोडी उघडतात. मनगट किंचित मागे वळतं. चेंडू दाबायला दिलाय, तो जोरात दाबतात. बरोबर करतोय का? आणि कुणीतरी चांगला हात बांधून ठेवायला सांगितलंय, ते कितपत?

फिजिओ_तेजू
बोटं उघडतात ही फार चांगली बातमी! चेंडू ठेवून द्या. दाबणं त्यांना येतंच, सोडणं येत नाही. वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन सोडायची, असं काम हवं.

हात बांधण्यामागे शास्त्र आहे. अधू हात वापरायला गेलं की फसतो, म्हणून माणूस तो वापरणंच सोडतो, आणि मग जेवढी ताकद परत आली आहे तेवढीही वापरात येत नाही. एडवर्ड टॉब यांनी हे मांडलं. २००६ साली आलेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा आणि दुसऱ्या हाताकडून रोज कसून सराव, असे दोन आठवडे. वर्षानंतरही फायदा टिकला. पण त्या सगळ्यांची बोटं नि मनगट थोडं तरी उघडत होतं. बाबा त्या उंबरठ्यावर आहेत. मात्र त्यांची काठी डाव्या हातात आहे! चालताना तो हात बांधलात तर पडतील. खुर्चीत बसून, टेबलासमोर, सकाळी तासभर, फक्त तेव्हाच मोजा घाला.

कंडक्टर होते ना? सुटे पैसे द्या त्यांच्यापुढे.

रानवारा
बोलण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आत्याच्या तोंडात फक्त "बरोबर" हा शब्द राहिला होता. चहा हवा का, बरोबर. नको का, बरोबर. एका दुपारी तिला चार कप चहा पाजला गेला, शेवटी तिनं कप पालथा घातला. तेव्हा आम्ही शिकलो की प्रश्न विचारताना दोन वस्तू समोर धरायच्या आणि बोट दाखवू द्यायचं.

पण संध्याकाळी आरती सुरू झाली की आत्या अख्खी आरती शब्द न चुकता म्हणायची. आम्ही थक्क. वाचाउपचारतज्ज्ञ म्हणाल्या, पाठ असलेली आणि चालीवर म्हटलेली गोष्ट वेगळ्या वाटेनं बाहेर येते. आकडे, वार, महिने, आरत्या यांपासून सुरुवात करायला सांगितलं.

वारणाकाठचा_गडी
कंडक्टर माणसाला वार-महिने कशाला, थांबे इचारा की!

निंबोणी
वाहवा गडी!

मिरजेचे_अण्णा
एक आठवण सर्वांसाठी. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्या पाहुण्यांत लकव्यावर कबुतराचं रक्त चोळण्यात दोन तास घालवले होते. तेव्हा मीही तिथंच उभा होतो आणि काही बोललो नाही. त्याची मला आजही बोचणी आहे. कृष्णाकाठची, तुम्ही एकट्या नाही.

कृष्णाकाठची
बरोबर तीन आठवड्यांनी लिहितेय.

फिजिओथेरपिस्ट दादांना हा धागाच दाखवला. त्यांना राग येईल अशी भीती होती, पण ते म्हणाले, तुम्ही तयार असाल तर मला हेच हवंय. आता ते वहीत लिहून देतात. उठणं-बसणं पहिल्या दिवशी १८ झालं होतं, काल ७२. मधल्या काळात दोन दिवस रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी थांबवलं होतं. चवड्यासाठी पायाला बसणारा प्लास्टिकचा स्प्लिंट करून घेतला, घासणं बरंच कमी झालंय. हात फारसा बदललेला नाही, ते खोटं सांगणार नाही.

पण सुटे पैसे! ताटलीत एक, दोन, पाचची नाणी मिसळून ठेवते, तीन वाट्यांत वेगळी करायची. पहिल्या दिवशी सहा नाणी झाली आणि बाबांनी ताटली ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी मी काहीच बोलले नाही, नुसती ताटली ठेवून गेले. परत आले तर स्वतःच सुरू केलं होतं. आता ४० नाणी करतात. पाचचं जाड नाणं सोपं जातं, रुपया घसरतो. भाऊ स्टेशनरीच्या दुकानातून कागदाला भोक पाडायचा चिमटा घेऊन आला. तो हातात घेतल्यावर बाबांनी असा काही धरला, की आई म्हणाली, "अहो, ड्यूटीवर निघालात का?" दाबता येतो, आणि स्प्रिंगमुळे बोटं आपोआप उघडतात. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या सगळ्या घरभर भोकं पाडून पडलेल्या असतात.

आणि थांबे. मी म्हटलं, "पेठ नाका…" आणि थांबले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नेर्ले." मग "कासेगाव." मग "मालखेड." मग हात वर करून, अगदी पूर्वीच्या आवाजात, "कराऽड!" जवळजवळ सहा महिन्यांनी माझ्या वडिलांचा आवाज ऐकला मी. अजून माझं नाव येत नाही. येईल तेव्हा येईल.

काल त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर रस्त्याकडे बोट दाखवलं. एसटी चालली होती. त्यांना एसटीत बसायचंय, असं आम्हाला वाटतं. विचारलं तर जोरजोरात मान हलवली. आता मला सांगा, याची तयारी कशी करायची?

चाकावरचा
हे बाबांनी स्वतः निवडलेलं ध्येय आहे. बाकी सगळे व्यायाम आता त्याभोवती लावा.

वारणाकाठचा_गडी
ताई, डोळ्यात पाणी आणलंत. पायरीची उंची मी उद्या डेपोत जाऊन टेप लावून मोजतो. पहिली पायरी किती, मधली किती, धरायचा दांडा जमिनीपासनं कुठं येतो, सगळं लिहून आणतो. तुम्ही तेवढ्या उंचीचा लाकडी पाट अंगणात करून घ्या. आमच्या गल्लीत सुतार हाय, मीच सांगतो त्याला.

फिजिओ_तेजू
गडी, उंची इथंच लिहा, मीही वापरेन माझ्या रुग्णांसाठी.

कृष्णाकाठची, त्या उंचीवर थेट जाऊ नका. आधी चार बोटं उंचीचा पाट, आणि डाव्या हाताला घट्ट पकडता येईल असं काहीतरी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. चढताना माणूस मागे उभा, उतरताना समोर. पहिली खेप दुपारच्या रिकाम्या गाडीनं, डेपोतच, उभ्या बसमध्ये. नुसतं चढून, सीटवर बसून, खाली उतरायचं. ड्रायव्हर-कंडक्टरना आधी सांगून ठेवा.

कृष्णाकाठची
डेपोतले बरेच जण बाबांच्या हाताखाली शिकलेत. सांगायला बाबांनाच नेते, चिमटा घेऊन.